दुकानदार म्हणतो, ‘सॉकेट बदलावं लागेल’

कॉम्प्युटर चालू केला की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच राहते. रिपेअरिंगवाल्यांच्या बोलीत ही ‘नो डिस्प्ले’ची तक्रार. रॅम बदलून झाली, पॉवर सप्लाय बदलून झाला, तरी फरक नाही. मग प्रोसेसर काढून तो ज्यात बसतो त्या सॉकेटमध्ये टॉर्च मारली की कधी कधी कारण सरळ समोर दिसतं. चार-पाच पिना आडव्या झालेल्या असतात, नाहीतर एका बाजूला काळपट डाग पडलेला असतो. यावर दुकानदार सांगतो, सॉकेट बदलावं लागेल. ग्राहकाला वाटतं, दोन स्क्रू काढले, जुनं उचललं, नवं ठेवलं, झालं काम. स्क्रू असतात खरे, पण ते वरची लोखंडी पट्टी आणि दांडी धरून ठेवतात. सॉकेट स्वतः एकाही स्क्रूने धरलेलं नसतं. त्याच्या पोटाखाली सोल्डरचे हजाराहून जास्त बारीक गोळे असतात आणि ते प्रत्येकी तांब्याच्या एकेका टिकलीवर मदरबोर्डाला वितळून चिकटलेले असतात. ते सगळे एकाच वेळी वितळवायचे, सॉकेट उचलायचं, नवं बसवायचं आणि पुन्हा सगळे एकाच वेळी जोडायचे, असं हे काम आहे. एक जरी सुटला तरी ‘नो डिस्प्ले’ परत तुमच्या दारात.

पूर्वी पिना प्रोसेसरला असत आणि सॉकेटला भोकं. २००४ मध्ये इंटेलने एलजीए ७७५ हे सॉकेट आणलं आणि डेस्कटॉपच्या प्रोसेसरवरच्या पिना उतरवून सॉकेटमध्ये बसवल्या. प्रोसेसरच्या खाली उरल्या फक्त सोनेरी चपट्या टिकल्या. एएमडीने आपल्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी जुनीच पद्धत बरीच वर्षं चालू ठेवली. एएम ४ या तिच्या सॉकेटच्या प्रोसेसरला १३३१ पिना असत. २०२२ मध्ये एएम ५ आलं आणि तिथेही पिना सॉकेटमध्ये गेल्या, १७१८. बनवणाऱ्या कंपन्यांच्या दृष्टीने या बदलात सोय होती, कारण नाजूक भाग महागड्या प्रोसेसरवरून निघून तुलनेने स्वस्त बोर्डावर गेला. आपल्या दृष्टीने अर्थ एवढाच की पूर्वी पिन वाकली तर प्रोसेसर हातात धरून, पुढून-मागून बघून ती सरळ करता यायची. आता ती बोर्डाच्या खोबणीत असते आणि तिच्या चारही बाजूंना तिच्यासारख्याच दुसऱ्या पिना.

इंटेलच्या सॉकेटांच्या नावातला आकडा म्हणजे पिनांची संख्या. एलजीए ११५१ हे २०१५ चं, १२०० हे २०२० चं, १७०० हे २०२१ च्या अखेरचं. ही पिन म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची बारीक वाकवलेली स्प्रिंग असते, वर निकेल आणि सोन्याचा मुलामा. दोन पिनांमधलं अंतर एक मिलिमीटरपेक्षा कमी. दांडी दाबून पट्टी बंद केली की प्रत्येक पिनेवर काही ग्रॅमचाच दाब येतो, पण सगळ्यांचा मिळून तो तीस किलोंच्या वर जातो. दांडी दाबताना जो करकर आवाज येतो आणि पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, तो याच जोराचा. तेवढा जोर लागतोच. मात्र या स्प्रिंगा रोज उघडबंद करण्यासाठी बनवलेल्या नसतात. सॉकेटचं आयुष्य कंपन्या प्रोसेसर किती वेळा काढला-घातला यावर मोजतात आणि तो आकडा दहा-वीसच्या घरात असतो.

सॉकेट बिघडतं बहुतेक वेळा हातानेच. प्रोसेसर बसवताना बोटातून निसटतो आणि कोपऱ्यावर पडतो, पिनांची एक पट्टी झोपते. धूळ पुसायला कोणी कापड फिरवतं, त्याचा एक धागा पिनेत अडकतो आणि ओढला जातो. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट आत सांडते आणि ती काढायला इअरबड घातला जातो, जो कापडाइतकाच घातक. पेस्ट काढायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अगदी मऊ ब्रश, तोही पिना ज्या दिशेला झुकल्या आहेत त्याच दिशेने. एएम ४ वर वेगळाच प्रकार होतो. पेस्ट सुकून घट्ट झालेली असते, कूलर सरळ वर ओढला जातो आणि त्याला चिकटून प्रोसेसरही बंद सॉकेटमधून उपटून बाहेर येतो. तिथे मार बसतो तो प्रोसेसरच्या पिनांना, सॉकेट सहसा वाचतं. कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून कूलर कोमट करायचा आणि आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवायचा, एवढं केलं तरी हे टळतं.

दुसरा प्रकार जळण्याचा. प्रोसेसर साधारण सव्वा व्होल्टवर चालतो. १०० वॉट खाणाऱ्या प्रोसेसरला १.२ व्होल्टवर ८० अँपिअरच्या वर करंट लागतो. घरातला गीझर ओढतो त्याच्या कितीतरी पट. हा करंट शेकडो पिनांमध्ये वाटला जातो म्हणून एकेकीच्या वाट्याला अगदी थोडा येतो. पण काही पिना नीट टेकल्याच नाहीत तर त्यांचा वाटा शेजारणींवर पडतो. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. पिन तापते, तिची स्प्रिंग ढिली पडते, स्पर्श आणखी कच्चा होतो आणि ती आणखी तापते. २००९ मध्ये एलजीए ११५६ च्या काही बोर्डांवर जोरदार ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांची, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणाऱ्यांची, सॉकेट अशीच काळी पडली होती. २०२३ मध्ये एएम ५ वर रायझन ७००० मालिकेतले काही एक्स-थ्रीडी प्रोसेसर जळाले, खालची पाठ फुगली आणि सॉकेटही करपलं. तिथे मूळ भानगड जास्त व्होल्टेजची होती. एएमडीने नंतर बायोसमधूनच, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधूनच, प्रोसेसरच्या एसओसी या भागाच्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. अशा ठिकाणी नुसतं सॉकेट बदलून भागत नाही. जळण्याचं कारण तसंच राहिलं तर नवं सॉकेटही त्याच वाटेने जाईल.

आता एक पिन वाकली म्हणजे बोर्ड गेला का? नाही, कोणती पिन वाकली यावर सगळं आहे. प्रत्येक सॉकेटचा पिन नकाशा असतो. त्यात जवळपास एक-तृतीयांश किंवा त्याहून जास्त पिना नुसत्या ग्राउंडच्या, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेच्या, आणि वीजपुरवठ्याच्या असतात. ग्राउंडची एखादी तुटली तरी बाकीच्या सांभाळून घेतात आणि कॉम्प्युटर वर्षानुवर्षं चालतो. काही पिना भविष्यासाठी राखून ठेवलेल्या असतात, त्यांना कुठलंच काम नसतं. पण रॅमच्या डेटाची पिन गेली तर एका चॅनलमधले, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या एका मार्गावरचे, स्लॉट मेले. दोन रॅम लावल्या आणि एकच दिसते, हे त्याचं ठळक लक्षण. ग्राफिक्स कार्डाच्या लेनची, म्हणजे डेटाच्या वाटेची, पिन गेली तर कार्ड १६ ऐवजी ८ लेनवर चालतं, किंवा दिसतच नाही. क्लॉक किंवा रीसेटची पिन गेली तर कॉम्प्युटर सुरूच होत नाही. खरी भीती तुटलेल्या पिनेची नसते, वाकून शेजारणीला टेकलेल्या पिनेची असते, कारण शेजारीण जर वीजपुरवठ्याची असेल तर पॉवर चालू करताक्षणी प्रोसेसरच धोक्यात येतो. म्हणून पिना वाकलेल्या दिसल्या की ‘एकदा लावून तर बघू’ हा मोह आवरायचा.

पिन सरळ करणं हे पहिलं औषध, आणि माझ्या मते दहापैकी बऱ्याच तक्रारी इथेच मिटायला हव्यात. त्यासाठी आधी बघायला शिकावं लागतं. बोर्ड टेबलावर ठेवून टॉर्च बाजूने, अगदी तिरकी धरा आणि डोकं हळूहळू हलवा. एलजीए ११५१ सारख्या सॉकेटात पिनांचे दोन भाग असतात आणि दोन्ही भागांतल्या पिना एकमेकींच्या विरुद्ध दिशेला झुकलेल्या असतात. त्यामुळे प्रकाशात आधी एक भाग चमकतो, मग दुसरा. चमकणाऱ्या सरळ रेघेत एखादा ठिपका जागेवर नसेल, किंवा आजूबाजूच्या चमकत असताना तो काळा राहत असेल, तर ती आपली पिन. मग भिंग किंवा मायक्रोस्कोप, आणि बारीक सुई किंवा शिसं काढून घेतलेली मेकॅनिकल पेन्सिलीची पोकळ धातूची नळी. पिनेचं टोक नळीत घ्यायचं आणि एका दमात नव्हे, थोडं थोडं करून उभं करायचं. शेवटी उंचीही बाकीच्यांइतकी यायला हवी, नुसती जागा बरोबर येऊन चालत नाही. पिन दोन-तीनदा इकडे-तिकडे झाली की धातू थकतो आणि ती मुळातून मोडते. मोडली, आणि ती कामाची पिन निघाली, की मग सॉकेट बदलण्याचा विषय सुरू होतो.

तिथेही आधी हिशोब करावा. नवं सॉकेट ही वस्तू महाग नाही. पैसे मजुरीचे आणि जोखमीचे असतात. साध्या एच मालिकेच्या बोर्डासाठी हा खटाटोप सहसा परवडत नाही, त्यात थोडी भर घालून दुसरा बोर्ड येतो. महागडा झेड मालिकेचा बोर्ड, वर्कस्टेशनचा बोर्ड, किंवा ज्या जुन्या पिढीचे बोर्ड आता नवे मिळतच नाहीत पण प्रोसेसर आणि रॅम ठणठणीत आहेत, अशा वेळी मात्र तो करण्यासारखा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत ‘चिप लेव्हल’, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग बदलून दुरुस्ती, करणारे हे काम घेतात. पण चिप लेव्हलची पाटी लावणारा प्रत्येक जण सॉकेट बदलतोच असं नाही.

कारण हे काम सोल्डरिंगचं कमी आणि तापवण्याचं जास्त आहे. युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतलं शिसं बंद केलं आणि जगभरच्या कारखान्यांनी शिसंविरहित सोल्डर धरलं. त्यात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं असतं. शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, हे २१७ च्या पुढे वितळतं. सॉकेटचं प्लॅस्टिक खास उष्णता सोसणारं असलं तरी २६० च्या आसपास त्याचीही हद्द संपते. म्हणजे खेळायला जागा चाळीस अंशांची, आणि त्या पट्ट्यात सॉकेटचे चारही कोपरे व मधला भाग एकाच वेळी यायला हवेत. बोर्डाच्या पोटात तांब्याचे अखंड थर असतात, ते उष्णता ओढून दूर नेतात. वरून कितीही गरम हवा मारा, ग्राउंडच्या टिकल्या शेवटपर्यंत थंड राहतात.

म्हणून उष्णता खालून द्यायची. बीजीए मशीनमध्ये, म्हणजे अशा गोळ्यांवर बसलेले भाग काढण्या-बसवण्याच्या यंत्रात, खाली मोठा इन्फ्रारेड तवा असतो, तो अख्खा बोर्ड आधी दीडशे अंशांच्या आसपास नेतो. त्यावर सॉकेटपुरती गरम हवा, खालून एक झोत आणि वरून एक. हे न करता हातातल्या हॉट गनने एकाच जागी तापवलं तर पापड एका कडेने भाजल्यावर वळतो तसा बोर्ड वळतो. बोर्डाचा फायबर साधारण १३० ते १८० अंशांच्या दरम्यान मऊ पडायला लागतो. मऊ पडलेला बोर्ड मध्ये खचला तर मधले गोळे दाबून एकमेकांना चिकटतात आणि कडेचे ताणले जातात. वरून काहीच दिसत नाही. म्हणून मशीनवर बोर्डाला खालून टेकू द्यावे लागतात.

त्याआधीची तयारीच अर्धा दिवस खाते. बोर्ड हवेतली ओल शोषून घेतो, पावसाळ्यात कोकणपट्टीत तर विचारूच नका. ही ओल २०० अंशांना वाफ होऊन थरांच्या मध्ये फुगा आणते. त्यामुळे बोर्ड आधी शंभर-सव्वाशे अंशांना काही तास भट्टीत ठेवून वाळवायचा. घाईत सगळ्यात आधी गाळली जाते ती हीच पायरी. बायोसचा बटण सेल काढायचा, तो तापला तर फुटतो. कूलरची पाठपट्टी, सॉकेटची लोखंडी पट्टी, वीजपुरवठा सांभाळणाऱ्या मॉसफेटवरचे हीटसिंक, सगळं उतरवायचं. रॅमचे स्लॉट सॉकेटला खेटून असतात. त्यांच्यावर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप आणि अॅल्युमिनियम फॉइल, नाहीतर स्लॉटचं प्लॅस्टिक वाकतं आणि सॉकेट दुरुस्त पण रॅम बसत नाही अशी वेळ येते. सॉकेटच्या बरोबर मागे, बोर्डाच्या खालच्या बाजूला बारीक कपॅसिटरांचा घोळका असतो. खालून तापवताना त्यांचंही सोल्डर वितळतं. ते पडत नाहीत, कारण वितळलेल्या सोल्डरचा ताण त्यांना धरून ठेवतो. पण त्या क्षणी बोर्डाला धक्का लागला तर एखादा सरकतो किंवा गळतो, म्हणून काढण्याआधी खालच्या बाजूचा फोटो काढून ठेवलेला बरा.

तापमान मशीनच्या पडद्यावर दिसतं ते मशीनचं, सोल्डरचं नव्हे. जाणकार कारागीर थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार सॉकेटच्या कडेला, बोर्डाला चिकटवून ठेवतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो. सेकंदाला एक-दोन अंश अशी चढण, दीडशे ते दोनशेच्या मध्ये मिनिट-दीड मिनिट विसावा म्हणजे सगळा बोर्ड एकसारखा होतो, मग २१७ च्या वर मिनिटभर, शिखर २३५ ते २४५. सॉकेटला कडेने चिमट्याने अगदी हलकी टिचकी दिली आणि ते हललं व पुन्हा जागेवर आलं, की सगळं वितळलं. मग व्हॅक्यूम कपाने सरळ वर उचलायचं. एका कोपऱ्यात जरा जरी अडल्यासारखं वाटलं तर थांबायचं. इथे जोर लावला की सोल्डर सुटत नाही, खालची तांब्याची टिकली उखडून येते, आणि टिकली उखडणं ही या साऱ्या कामातली सगळ्यात महागडी चूक. ग्राउंडची किंवा रिकामी टिकली गेली तर चालून जातं. डेटाची गेली तर केसाएवढी तार ट्रॅकवरून आणून नवी टिकली घडवावी लागते आणि वर यूव्ही दिव्याने घट्ट होणारा हिरवा मास्क लावावा लागतो. अशा चार-पाच असल्या की मी तरी बोर्ड सोडून देण्याचा सल्ला देईन.

सॉकेट निघालं की खाली उंचसखल सोल्डर उरतं. सोल्डर नीट वाहावं म्हणून फ्लक्स लावायचा, तांब्याची जाळीदार पट्टी ठेवायची आणि तिच्यावरून सोल्डरिंग आयर्न न दाबता सरकवायचं. पट्टी थंड होऊन चिकटली आणि ओढली, तरी टिकल्या जातात. सगळं सपाट झालं की अल्कोहोलने धुवायचं, मायक्रोस्कोपखाली ओळीने बघायचं. मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून महत्त्वाच्या टिकल्यांचं ग्राउंडशी असलेलं रीडिंग इथेच घेऊन ठेवतात, पुढे शोध घ्यायला ते उपयोगी पडतं.

नवं सॉकेट येतं तेव्हा त्याच्या खाली गोळे आधीच लावलेले असतात आणि वर प्लॅस्टिकची टोपी असते. ती टोपी काढायची नाही, मशीनने उचलायलाही तीच लागते आणि पिना वाचवायलाही. बाजारात मेलेल्या बोर्डावरून काढलेली सॉकेटही मिळतात. ती स्वस्त पडतात, पण त्यांनी आधीच जास्तीची भट्टी सोसलेली असते, रीबॉलिंगही, म्हणजे खाली नवे गोळे लावण्याचं कामही, करावं लागतं, आणि पिना कशा अवस्थेत असतील ते नशीब. मी नवंच घेईन.

टिकल्यांवर चिकट फ्लक्सचा पातळ, एकसारखा थर. जास्त झाला तर तो उकळतो आणि सॉकेट तरंगून सरकतं. कोपऱ्यातला त्रिकोण बोर्डावरच्या खुणेशी जुळवायचा, आणि हे दोनदा बघायचं. चांगल्या मशीनला असा कॅमेरा असतो की सॉकेटचे गोळे आणि बोर्डाच्या टिकल्या पडद्यावर एकमेकांवर दिसतात. मग पुन्हा तीच चढण, तोच विसावा, तेच शिखर. गोळे वितळले की सॉकेट किंचित खाली बसतं. चारही बाजूंनी सारखं बसलं की नाही ते कडेने टॉर्च मारून दिसतं. थंड होताना पंखा मारायचा नाही, हातही लावायचा नाही.

आता लगेच ग्राहकाचा प्रोसेसर कोणी लावत नाही. आधी मल्टिमीटरने वीजपुरवठ्याच्या रेषा आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना ते बघतात. मग नकली प्रोसेसर येतो, म्हणजे प्रोसेसरच्या आकाराची पट्टी आणि तिच्यावर बारीक एलईडींची रांग. सॉकेटच्या ज्या रेषा बोर्डापर्यंत पोचल्या त्यांचे दिवे लागतात, तुटलेल्यांचे लागत नाहीत. सगळ्या पिना त्याने तपासल्या जात नाहीत, पण ढोबळ चूक कळते. त्यानंतर दुकानातला एखादा जुना सेलेरॉन किंवा पेंटियम प्रोसेसर, एक रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. डिस्प्ले आला की कारागिराच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते खरं असतं, पण काम तिथे संपत नाही.

बोर्ड देण्याआधी विचारून घ्या. काम बीजीए मशीनवर होणार की हॉट गनवर, सॉकेट नवं की काढलेलं, बोर्ड आधी वाळवणार का, आणि बोर्ड मेला तर मजुरी किती. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका, मेलेले बोर्ड चांगल्या हातांतूनही निघतात. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीकडे चौकशी करा. वाकलेल्या पिना साधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत, आणि बोर्ड पाठवताना सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण नसेल तर वाटेत काही झालं तरी बोट तुमच्याकडे दाखवलं जातं. म्हणून ते झाकण फेकून देऊ नका.

परत घेताना नुसता डिस्प्ले बघून पैसे देऊ नका. चारही स्लॉटमध्ये आळीपाळीने रॅम लावून बघायला सांगा, आणि दोन रॅमवर ड्युअल चॅनल दिसतं का ते बघा. ग्राफिक्स कार्ड लावून ते १६ लेनवर चालतंय का ते बघा. कार्ड रिकामं बसलेलं असताना ते वेग कमी दाखवतं, पण लेन कमी दिसायला नकोत. मग प्रोसेसर पूर्ण जोरावर निदान अर्धा तास चालू द्या, म्हणजे तापल्यावर सुटणारा एखादा कच्चा सांधा दुकानातच सापडेल.